इंग्लंडच्या टॅक्सला शंभराचा स्टँप

"तुझा पासपोर्ट कुठाय? काढून दे जरा," हे म्हणाले.

मी परातीत भाकरी थापत होते, दोन्ही हात पिठात. "आत्ता? कशाला?"

"झेरॉक्सला. तुझ्या त्या टॅक्सच्या कामाला लागणार."

"कपाटात वरच्या खणात आहे, घ्या की."

घेतला, सदऱ्याच्या आतल्या खिशात सारला आणि चपला पायात घालून गेले. मला त्यात वावगं काही वाटलं नाही. भाकरी तव्यावर टाकली आणि कामाला लागले. पण त्या दिवशी झेरॉक्स घरी आली नाही, पासपोर्टही आला नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाले, "कचेरीत टेबलाच्या ड्रॉवरात आहे." तिसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाले, "वकिलाकडं दिलाय, बघायला." म्हटलं, पासपोर्टात वकिलानं बघण्यासारखं काय असतं? माझा फोटो? तोही काही बघण्यासारखा आलेला नाही.

आमचे हे म्हणजे दिनकर कुराडे. गडहिंग्लजच्या तहसील कचेरीसमोर टेबल टाकून बसणारे दस्तलेखक. खरेदीखत, बक्षीसपत्र, मुखत्यारपत्र, हक्कसोड, जे पाहिजे ते लिहून मिळेल. तालुक्यातल्या निम्म्या जमिनी ह्यांच्या अक्षरात एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर गेल्या असतील. तोंडी गोष्टीवर ह्यांचा काडीचा विश्वास नाही. दूधवाल्यानं "उद्या येणार नाही" म्हटलं तरी हे म्हणायचे, "लिहून दे." आम्ही हसायचो. तेव्हा हसायलाच यायचं.

मी नर्स. मिरजेला शिकले, इथल्या सरकारी दवाखान्यात बरीच वर्षं काढली आणि चाळिशी उलटल्यावर, लोकांच्या भाषेत अवदसा आठवली म्हणून, इंग्लंडला गेले. लीड्सच्या एका हॉस्पिटलात म्हाताऱ्या माणसांचा वॉर्ड. पाच वर्षं तिथं काढली. घरावर स्लॅब पडला, मुलीचं लग्न झालं, ती पुण्याला नांदायला गेली. म्हटलं आता बास. कंबर गेली, थंडी हाडात शिरली, आणि सगळ्यात मोठं म्हणजे आपल्या हातानं आपल्या घरात चहा करून प्यावा असं फार वाटायला लागलं. राजीनामा दिला. जाडजूड कोट होता तो बरोबरच्या फिलिपिनो पोरीला देऊन टाकला. वॉर्डची मुख्य सिस्टर मार्गारेट म्हणाली, "तुझा व्हिसा अजून शिल्लक आहे. जागा भरेपर्यंत तुझीच आहे. मन बदललं तर फोन कर." मी हसून तिला मिठी मारली आणि विमानात बसले. कायमची आले होते मी. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं सगळं त्यावरच येऊन अडलं.

टॅक्सचं म्हणाल तर ते साधं काम. तिकडं वर्षभराचा पगार धरून दर महिन्याला टॅक्स कापतात. वर्षाच्या मध्येच नोकरी सोडून देश सोडला की जास्तीचं कापलेलं परत मागता येतं. एक फॉर्म भरायचा, नोकरी सोडल्याचा कागद जोडायचा, सही करून पोस्टात टाकायचा. आल्या आल्या चहा पिताना मी हे ह्यांना सांगितलं, तर ह्यांचे डोळे लकाकले. कागद म्हटलं की लकाकायचेच.

"कागदाचं माझ्यावर सोड," म्हणाले.

चष्मा लावून फॉर्म घेऊन बसले. मी शेजारी बसून मराठीत सांगत होते. नाव, पत्ता, देश सोडल्याची तारीख. एका प्रश्नापाशी ह्यांचं बोट थांबलं.

"इथं काय विचारलंय?"

"परत येऊन इथं राहायचा विचार आहे का, असं."

"मग काय लिहायचं?"

"नाही म्हणून. तो चौकोन आहे ना, त्यात फुली मारायची."

"नुसती फुली?" ह्यांनी चष्मा काढला. "साक्षीदार नाही, शिक्का नाही, कारण नाही. फुली?"

साहेबाच्या सरकारचा हा गलथानपणा ह्यांना फार लागला. पुन्हा पुन्हा तो चौकोन बघत होते. मी म्हटलं, "अहो, दीडशे वर्षं राज्य केलं त्यांनी आपल्यावर, जमत असेल त्यांना." हसले नाहीत. फॉर्म घडी घालून पिशवीत ठेवला, म्हणाले, "मी बघतो." आणि मग ते पासपोर्टचं सुरू झालं.

आता दवाखान्यात उभा जन्म गेलेली बाई मी. पेशंट "मला काही होत नाही" म्हणाला की आधी त्याची चादर वर करून बघायची, ही आमची शिकवण. पासपोर्ट वकिलाकडं आहे म्हटल्यावर माझ्या मनात पाल चुकचुकली. पाणी कुठंतरी मुरत होतं.

पहिला संशय आला तो पैशाचा. मागच्या गल्लीतला पाटण्यांचा प्लॉट विकायला निघाला होता आणि ह्यांचा त्यावर डोळा होता. म्हटलं, हा टॅक्सचा पैसा परस्पर स्वतःच्या खात्यात वळवायचा डाव असणार. माझ्या पगारातून स्लॅब पडला तेव्हा मी एक शब्द बोलले नव्हते, पण विचारून घेणं वेगळं आणि काढून घेणं वेगळं. मी खडा टाकून बघायचं ठरवलं.

"अहो, ते टॅक्सचे पैसे माझ्या मिरजेच्या खात्यात घेणार हं मी," सकाळी चहा देता देता म्हटलं.

"तुझ्याच खात्यात घे," हे लगेच म्हणाले.

"सगळे?"

"सगळे. मला त्यातली एक पै नको."

माझी कपबशी हातातच राहिली. हा माणूस कोथिंबिरीच्या जुडीसाठी आठवडे बाजाराला दोन वेढे घालतो. रिक्षावाल्याशी भांडून अर्धा रस्ता चालत येतो. आणि हा म्हणतोय एक पै नको! पैसे मागितले असते तर मी रागावले असते, पण निश्चिंत तरी झाले असते. आता मात्र झोप उडाली. ज्याला पैसा नको त्याला दुसरं काहीतरी पाहिजे असतं, आणि ते काय हे काही केल्या कळेना.

मग मी डोळ्यात तेल घालून बघायला लागले. घरातला फोन वाजला की हे आधी उचलायचे. "कोण होतं?" म्हटलं की "रॉंग नंबर". पोस्टमनला दारात गाठून पत्रं स्वतः घ्यायचे. मी बाजारात निघाले की "एकटीच चाललीस?" संध्याकाळी गजरा आणायचे. गजरा! लग्नानंतरच्या पहिल्या वर्षीही ह्यांनी गजरा आणल्याचं मला आठवत नाही. एकदा जिलेबी आणली, तीही गरम. मी जिलेबी खाल्ली, पण खाताना ह्यांच्याकडंच बघत होते, आणि हे माझ्याकडं बघत होते. दोघं जण एका घरात राहून एकमेकांवर पहारा करत होतो.

शेवटी एक दिवस जेवताना ह्यांनी विषय काढला.

"त्या टॅक्सला एक ॲफिडेव्हिट जोडावं लागतं. शंभराच्या स्टँप पेपरवर. मी तयार करतोय. रविवारी सही करून टाकू."

"कुणी सांगितलं?"

"नियम आहे."

"कुठल्या सरकारचा? त्यांचा का आपला?"

"तुला ह्यातलं कळत नाही," म्हणाले आणि आमटीत भाकरी कुस्करायला लागले.

मला कळत नव्हतं हे खरं, पण फिलोमिनाला कळत होतं. फिलोमिना लोंढे, माझ्याबरोबर मिरजेला शिकलेली, माझ्या आधी वर्षभर इंग्लंडहून परत आलेली. तिचा परतावा कधीच येऊन खर्चूनही झाला होता. दुपारी हे कचेरीत असताना मी तिला फोन लावला.

"स्टँप पेपर?" ती एवढ्या मोठ्यानं हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "अगं, लीड्सच्या साहेबाला मराठी येतं काय? एक फॉर्म, एक सही, पोस्टाचं तिकीट. झालं. पासपोर्टसुद्धा कुणी मागितला नाही मला."

"पासपोर्ट नाही?"

"नाही गं. का?"

उगीच विचारलं म्हटलं. फोन ठेवून तिथंच स्टुलावर बसून राहिले. पासपोर्ट नको, स्टँप पेपर नको, पैसे नकोत. मग ह्या माणसानं मांडलंय काय?

उत्तर आलं ते शनिवारी, इंदूवन्संच्या तोंडून. इंदूवन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण, नेसरीला दिलेली. त्यांनी फोन केला नि नेमके हे घरात नव्हते, म्हणून मलाच सापडल्या.

"वयनी, उद्या दिनूनं मला बोलावलंय. गाडी पाठवतो म्हणाला. साक्षीदार म्हणून सही पाहिजे म्हणे. कशाची गं सही?"

"इंग्लंडच्या टॅक्सची आहे म्हणतात."

"मला इंग्लंडचं काय कळतंय? पण मला जरा भ्या वाटलं बघ. दिनूनं गाडी पाठवली की मला भ्या वाटतं."

"का हो, वन्सं?"

त्यांनी आवाज खाली आणला. मग म्हणाल्या, "आमचे बाबा गेल्यावर त्यानं अशीच गाडी पाठवलीती. पाटावर बसवलं, पोहे दिले, साडी दिली. म्हणाला, अक्का, सातबाऱ्याचं किरकोळ काम आहे, इथं सही कर. मी केली. घरी गेल्यावर आमच्यात म्हणाले, अगं बाई, बापाच्या जमिनीवरचा हक्क सोडून आलीस की तू. तसं मी सोडलाच असता गं. भावाला नाही म्हटलं असतं काय मी? पण त्यानं विचारलं न्हाई."

मी फोन ठेवला आणि मागं वळले तर पलंगावर पिशवी. सकाळीच हे आणून ठेवून गेले होते, "तुला आहे, बघ" म्हणून. आत साडी होती. इरकली, हिरवी, लाल काठाची. माझ्या आवडीची.

कळलं. सगळं एका झटक्यात कळलं. ह्या माणसाला टॅक्सशी देणंघेणं नव्हतं. फॉर्मवरची ती फुली ह्यांना पुरेना. बहिणीकडून जमीन सोडवून घेतली तसं हे माझ्याकडून इंग्लंड सोडवून घेत होते. हक्कसोड! अहो, मी स्वतः सोडून आले होते. कोटसुद्धा देऊन आले होते.

रविवारी सकाळी गाडी गेली, इंदूवन्सं आल्या. दुसरे साक्षीदार ह्यांच्या शेजारच्या टेबलावरचे स्टँपविक्रेते गुरव. पोहे मी केले. वर खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड, सगळं. मला त्या दिवशी सगळं रीतसर करावंसं वाटत होतं. जुनीच साडी नेसले होते. ह्यांनी ते बघितलं.

पोहे झाले तसा ह्यांनी पिशवीतून स्टँप पेपर काढला, पाटावर सरळ केला, पेन ठेवलं. "हे बघ, इथं."

"वाचू तर द्या."

"नेहमीचाच मजकूर आहे."

"नेहमीचाच असला तरी माझा आहे," म्हटलं आणि मोठ्यानं वाचायला लागले. "मी, सौभाग्यवती प्रमिला दिनकर कुराडे, धंदा घरकाम..." थांबले. "धंदा काय?"

"ती लिहायची पद्धत आहे. बाईमाणूस असलं की घरकामच लिहितो."

"हा डोक्यावरचा स्लॅब कुणाच्या घरकामातून पडला हो?"

गुरवांनी खाली मान घालून ताटलीत उरलेले शेंगदाणे वेचायला घेतले. मी पुढं वाचलं. "अक्कलहुशारीनं, राजीखुशीनं, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून देते की, मी परदेशातून कायमची परत आले असून यापुढे नोकरीस अगर अन्य कारणास्तव परदेशी जाणार नाही. माझा पासपोर्ट माझे पती यांचे ताब्यात राहील. त्याबाबत माझी काहीएक तक्रार नाही व पुढेही राहणार नाही."

मी कागद पाटावर ठेवला.

"हे इंग्लंडच्या टॅक्सवाल्याला कशाला पाहिजे?" मी विचारलं.

"जोडावं लागतं."

"खोटं बोलू नका. गुरवांच्या आणि बहिणीच्या समोर तरी खोटं बोलू नका."

"दिनू," इंदूवन्सं हळूच म्हणाल्या, "मलापण असंच बसवलंतंस."

"अक्का, तू गप गं!" हे ओरडले. पण आवाजात जोर नव्हता. मी ह्यांना इतक्या वर्षांत कधी असं बघितलं नव्हतं. माझ्या रागातलं काहीतरी ढिलं झालं.

"तुम्हाला भीती कसली वाटते ते तोंडानं सांगा की," म्हटलं. "मी समोर बसलेय. मला विचारा."

हे पाटाकडं बघत होते. मग म्हणाले, "पाच वर्षं हातानं भाकरी करून खाल्ली मी. करपलेली. दिवाळीला पणती लावायची तर तेल कुठं ठेवलंय ते मला माहीत नसायचं. लोक विचारायचे, बायको येणार हाय का तिकडंच राहणार? मी हसायचो. आता आलीस, तर तुझी ती मोठी बॅग अजून तशीच भरलेली. मी रोज बघतो." आणि मग माझ्याकडं न बघता, "जाणार आहेस का परत?"

बॅगेत मुलीसाठी आणलेली भांडी होती, पुण्याला न्यायची. एवढंच होतं त्यात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, एवढंच होय! एवढ्यासाठी ह्या माणसानं गजरे आणले, जिलेबी आणली, पोस्टमनच्या मागं धावला. मला ह्यांची दया आली, आणि खरं सांगायचं तर, त्या क्षणी प्रेमही आलं.

"नाही," मी म्हटलं. "नाही जाणार. मी कायमची आलेय. जोतिबाची शपथ."

ह्यांनी मान वर केली. चेहरा मोकळा झाला. इंदूवन्संनी पदरानं डोळे पुसले. गुरव म्हणाले, "झालं तर मग, वयनी, चहा टाका." मी उठायला लागले. गुडघ्यावर हात ठेवून अर्धी उठलेही होते.

तेवढ्यात ह्यांनी एका बोटानं तो स्टँप पेपर माझ्याकडं सरकवला.

"मग सही करायला काय हरकत आहे?" म्हणाले.

मी पुन्हा खाली बसले.

रागानं विचारलं असतं तर मी कागद फाडला असता. पण हे अगदी साधेपणानं विचारत होते. माझा शब्द ह्यांच्या कानात गेला होता, पटलाही होता, आणि तरी तो पुरला नव्हता. पुढंही कधी पुरणार नव्हता. उद्या मी पुण्याला मुलीकडं गेले तरी, मिरजेला फिलोमिनाकडं गेले तरी. मी मरेपर्यंत ह्यांना लिहून देत बसणार होते.

"काहीच हरकत नाही," मी म्हटलं. पेन उचललं आणि सही केली.

"वयनी!" इंदूवन्सं म्हणाल्या. "मी न्हाई हं साक्षीदार. दिनू, मी सही करणार न्हाई, तुला काय करायचं ते कर." आणि उठून परसात गेल्या.

ह्यांचं तिकडं लक्षच नव्हतं. सवयीनं कागद उलटा केला, वरून खाली बोट फिरवलं. "मागच्या पानावर एक राहिली," म्हणाले.

तीही केली. मग हात पुढं केला. "पासपोर्ट द्या."

"कशाला?"

"सही मिळाली ना तुम्हाला? मग त्याचं काय काम आता?"

ह्यांनी हातातल्या कागदाकडं बघितलं. दोन सह्या, तारीख, शंभराचा शिक्का. लिहून घेतलेलं हातात आलं की ह्या माणसाला जगात दुसरं काही लागत नसे. आतल्या खिशात हात घालून पासपोर्ट काढला आणि माझ्या हातावर ठेवला. इतके दिवस तो ना ड्रॉवरात होता ना वकिलाकडं, अंगावरच घेऊन फिरत होते. गरम लागला हाताला.

मी तो घेऊन बाहेरच्या खोलीत आले. टॅक्सचा फॉर्म ह्यांनी सकाळीच पिशवीतून काढून टेबलावर ठेवला होता, तो चौकोन अजून कोरा. त्यात फुली पडली नाही, आणि तो फॉर्म कधी पोस्टातही पडला नाही. फोनजवळ बसून लीड्सचा नंबर फिरवला. तिकडं सकाळ उजाडत होती, मार्गारेट नेमकी ड्यूटीवर होती. जागा भरली का म्हणून विचारलं, तर म्हणाली, अजून नाही, कधी येतेस? मी इंग्रजीत तिच्याशी बोलत होते, आणि आतून ह्यांचा आवाज येत होता. दुसरा साक्षीदार आता कोण घ्यायचा, म्हणून हे गुरवांना विचारत होते.